दुकान, ओटा, माची : उतारावरील बाजाररचनेचा एक विचार

मराठीत बाजार 'भरतो' आणि 'उठतो', पेठ 'वसते', दुकान 'मांडतात' किंवा 'थाटतात'. ह्या तिन्ही गोष्टींना दगड, लाकूड व चुना लागतो. तरीही त्यांपैकी एकीसाठीही 'बांधणे' हे रूढ क्रियापद नाही. घर बांधतात, देऊळ बांधतात, घाट व धर्मशाळा बांधतात. दुकानाच्या बाबतीत मात्र बोलणाऱ्याच्या मनात भिंती नसतात. एखाद्या उंचवट्यावर माल पसरून बसणे असते. क्रियापदांवरून इतिहास काढण्याचा मोह भाषाभ्यासकाला आवरता घ्यावा लागतो, हे खरे. तथापि येथे शब्द व दगड हे दोन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगताना दिसतात, आणि म्हणूनच त्यांची साक्ष एकत्र नोंदविण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय आहे तो उतारावर वसलेल्या मोठ्या बाजाराच्या रचनेचा, आणि मुख्य स्थळ आहे त्र्यंबकेश्वर. बाजाराच्या वास्तूचा इतिहास सामान्यतः भिंती, कमानी व छपरे यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पुण्याच्या महात्मा फुले मंडईविषयी किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटविषयी तसे लिहिणे योग्यच आहे. त्या सपाट भूमीवरील, एका छपराखालच्या वास्तू आहेत. सह्याद्रीच्या उतारावर मात्र बाजाराचा मूळ घटक इमारत नसून जोते हा आहे, असे माझे प्रतिपादन आहे. छप्पर वर्षा-दोन वर्षांनी शाकारले जाते, भिंत पडते व पुन्हा उभी राहते. जोते एकदा घातले की त्याची रेषा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि शेजाऱ्याला तिच्याशी जुळवून घ्यावे लागते.

प्रथम 'दुकान' हा शब्द पाहू. तो फारसीमार्गे मराठीत आला. फारसीत तो अरबी 'दुक्कान' ह्यापासून आला. परंतु अरबीत ह्या शब्दाचा अर्थ केवळ विक्रीची जागा एवढाच नाही. दगडाचा किंवा विटांचा बांधलेला, बसण्याजोगा रुंद चौथरा हाही त्याचा अर्थ अरबी कोशकार नोंदवितात, आणि एडवर्ड लेन याच्या अरबी-इंग्रजी कोशातही तो आढळतो. ह्याच लेनने १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या इजिप्तविषयक ग्रंथात कैरोच्या दुकानांचे वर्णन आहे. रस्त्याच्या कडेने अडीच-तीन फूट उंचीचा बांधीव चौथरा, त्याच्या माथ्याशी समपातळीत दुकानाची जमीन, आणि त्या चौथऱ्यावर मांडी घालून बसलेला दुकानदार. नाशिकच्या सराफ बाजारातील वा कोणत्याही जुन्या मराठी गावातील पेढी ज्याने पाहिली आहे त्याला हे वर्णन परके वाटणार नाही. सारांश, 'दुकान' म्हणजे मुळात ओटाच. आपण तो शब्द घेतला तेव्हा त्याचा हा अर्थ कोणाच्या ध्यानी असेल असे नाही. पण ज्या वस्तूसाठी तो घेतला ती वस्तू आपल्याकडे आधीपासून त्याच आकाराची होती.

बाजारवाचक इतर शब्दांत हा अंश कमी आढळतो. 'हाट' हा संस्कृत 'हट्ट' ह्याचा सरळ वंशज आहे. 'पेठ' ह्याचे नाते कन्नड 'पेटे' व तमिळ 'पेट्टै' ह्यांच्याशी जोडले जाते. त्र्यंबकच्या उत्तरेला डोंगराळ मुलखात ह्याच नावाचे तालुक्याचे गाव आहे. 'मांडवी' म्हणजे जकात घेण्याचे ठिकाण, व त्याच्यामागे मध्ययुगीन शिलालेखांतील 'मंडपिका' उभी आहे. तेथे जकात वसूल होई. येथे शब्दाने छपराची आठवण जपली आहे, ओट्याची नव्हे. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण जकातनाक्याला सावली पुरते, माल मांडण्यास उंचवटा लागतो.

शिवकालीन 'राज्यव्यवहारकोश' ह्या संदर्भात उद्बोधक आहे. फारसी-अरबी व्यवहारशब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रघुनाथ पंडितांनी तो रचला. त्याच्या दहा वर्गांत एक दुर्गवर्ग आहे आणि शेवटचा पण्यवर्ग. दुर्ग व पण्य ह्या दोहोंची भाषा नव्याने घडविण्याची गरज एकाच राजसत्तेला एकाच काळी वाटली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. राजदरबारातील काही शब्द बदललेही. बाजार मात्र बधला नाही. 'दुकान' व 'बाजार' हे शब्द जसेच्या तसे राहिले. खरेदी-विक्रीची भाषा आज्ञेने बदलत नाही, हा अनुभव पुढेही अनेकांना आला.

आता डोंगराचे शब्द घेऊ. किल्ल्याच्या माथ्याखाली, पण पायथ्याच्या वर, जी रुंद सपाट पट्टी असते तिला आपण 'माची' म्हणतो. हा शब्द 'मञ्च', 'मञ्चिका' ह्यांपासून आला. म्हणजे माची ही डोंगराने मांडलेली बैठक होय. त्याहून लहान टप्पा तो 'मेट'. किल्ल्याच्या चढणीवरील पहाऱ्याच्या चौकीस मेट म्हणत, आणि पहारा गेल्यानंतरही त्या जागी वस्ती राहिली. ब्रह्मगिरीच्या अंगावर आजही गंगाद्वार मेट, सुपलीची मेट अशी वस्त्यांची नावे आहेत, आणि महसुली गावाचे नावच मेटघर किल्ला आहे. माची, मेट, ओटा, दुकान ह्या शब्दांची कुळे एक नाहीत. परंतु ते सर्व एकाच कल्पनेकडे बोट दाखवितात. ज्या प्रदेशात सपाट जमीन दुर्मिळ, तेथे सपाटीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव मिळते. सपाट प्रदेशातील नगराला ही गरज नसते. पुण्याच्या पेठा वारांच्या किंवा पुरुषांच्या नावांनी ओळखल्या जातात. डोंगरउतारावरील गावात 'वरची आळी' व 'खालची आळी' हीच पहिली विभागणी असते.

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेले आहे. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, ब्रह्मगिरीच्या माथ्याची सुमारे १,३०० मीटर. पावणेसहाशे मीटरांची ही उतरण पावसाळ्यात जे पाणी खाली सोडते ते गावाच्या अंगावरूनच पुढे जाते. स्थलपुराणही पाण्याविषयीच बोलते. गौतमाने दर्भाने गंगेला अडविले, ती जेथे वळून थांबली ते कुशावर्त, अशी आख्यायिका आहे, आणि शब्दाची फोडही तीच आहे : कुश व आवर्त. आख्यायिका म्हणून तिचे मोल वेगळे. पण ह्या उतारावर मनुष्याने केलेले पहिले स्मरणीय काम म्हणजे धावते पाणी थांबविणे, एवढे तरी तीतून निश्चित कळते. अठराव्या शतकात होळकरांच्या पदरचे रावजी आबाजी पारनेरकर यांनी कुशावर्त दगडी पायऱ्यांनी व ओवऱ्यांनी बांधून काढले. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली देवालयाचे काम सुरू करविले. ते १७८६ साली पुरे झाले. निवृत्तिनाथांची समाधी त्याही पूर्वीची, तेराव्या शतकाच्या अखेरची. गावाची आजची व्यापारी घडण ह्या तीन स्थानांच्या मधल्या चालण्यातून झाली आहे. यात्रेकरू स्नान करून देवळात जातो, देवळातून समाधीकडे किंवा गंगाद्वाराकडे वळतो, आणि बाजार त्याच्या पावलांच्या मागे जातो.

असा बाजार एका दिवशी, एका नकाशावर आखला गेला नाही. रस्ता उतारावरून पाण्याच्या वाटेने किंवा तिला आडवा जाईल तसा गेला, आणि प्रत्येक घराने त्याच्या कडेला आपापले जोते घातले. जोत्याची रीत अशी. माथा समपातळीत ठेवायचा, आणि उताराचा सारा हिशेब रस्त्याच्या बाजूच्या उंचीत चुकवायचा. चढाच्या अंगाला एका पायरीने ओट्यावर येता येते. त्याच ओट्याच्या उताराच्या अंगाला तीन पायऱ्या लागतात. पुढच्या घराचे जोते एक टप्पा खाली. त्यामुळे दुकानात बसलेल्याला उतार जाणवत नाही, चालणाऱ्याला मात्र तो सतत जाणवतो, आणि त्या दोहोंमधला तंटा पायरी मिटविते. जमीन सपाट करण्याचा खर्च अशा रीतीने गाळ्या-गाळ्यात विभागला जातो. 'गाळा' म्हणजे दोन खांबांमधले अंतर. ते लाकडाच्या लांबीने ठरते, आणि म्हणून एका टप्प्यात किती उतार पोटात घ्यावा हेही अखेर लाकडाच्या लांबीनेच ठरते. मोठे दुकान हवे असेल तर गाळे वाढवावेत. मात्र एका सपाटीवर ते किती वाढवावेत ह्याला डोंगराने घातलेली मर्यादा आहे.

ओट्याचे दुसरे काम पाण्याशी आहे. पावसाळ्यात रस्ता हाच ओहोळ होतो. जोत्याच्या दगडी तोंडाला घासून पाणी खाली जाते आणि धान्य, कापड, पूजेचे साहित्य कोरडे राहते. ओट्याची उंची ग्राहकाच्या सोयीने ठरली की पाण्याच्या भयाने, ह्याचे उत्तर सपाट प्रदेशात संदिग्ध असेल. येथे ते तसे नाही.

तिसरे काम यात्रेचे. तीर्थक्षेत्राच्या बाजाराची अडचण अशी की त्याला एक मोजमाप नाही. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला, महाशिवरात्रीला, श्रावणातल्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीच्या वेळी, आणि बारा वर्षांनी सिंहस्थात गावात येणारा समुदाय एरवीच्या वस्तीच्या कित्येक पट असतो. तेवढ्यासाठी कायमच्या इमारती बांधणे हे शहाणपणाचे नव्हे. ओटा मात्र ताणता येतो. एरवी तो घरमालकाची बैठक असतो. यात्रेत त्यावर रुद्राक्षवाला बसतो, पायरीवर फुलवाली बसते, आणि पायरीच्या खाली रस्त्यावर कापड अंथरून तिसरा कोणी बसतो. एका गाळ्याच्या पुढे अशी तीन दुकाने तीन पातळ्यांवर मांडली जातात, आणि यात्रा सरली की उठतात. 'मांडणे' ह्या क्रियापदाचा अर्थ येथे डोळ्यांनी दिसतो.

हे सर्व आपोआप वाढलेल्या बाजाराचे झाले. आखून, एका हुकमाने, डोंगरावर बाजार उभारण्याचा प्रसंग आपल्या इतिहासात आला नाही काय? तो आला, आणि त्याचे अवशेष आजही उभे आहेत. रायगड १६७० च्या सुमारास राजधानी झाला आणि ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. गडाच्या बांधकामाचे प्रमुख हिरोजी इंदुलकर. त्यांचे नाव जगदीश्वराच्या देवळापाशी कोरलेले आहे. होळीच्या माळापलीकडे गडावरची बाजारपेठ आहे. रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन रांगा, प्रत्येक रांगेत सामान्यतः बावीस दुकाने मोजली जातात. प्रत्येकाला उंच दगडी जोते, चढण्यास पायऱ्या, पुढे ओसरी व मागे खोल्या. बाजारपेठ ओलांडून उतरत गेले की जगदीश्वराचे देऊळ लागते. छपरे केव्हाच नाहीशी झाली आहेत, भिंती बव्हंशी गेल्या आहेत. १८१८ साली इंग्रजी तोफांनी व आगीने गडावरील वास्तूंचा जो नाश केला त्यानंतर जे राहिले ते मुख्यतः जोतेच, आणि केवळ जोत्यांवरून आज आपण तेथे 'बाजारपेठ' ओळखतो. माझ्या प्रतिपादनाला ह्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. ओसाड देवळाचे केवळ जोते उरले तर ते देऊळ होते की वाडा, हे सांगताना अभ्यासक चाचपडतो. बाजार मात्र केवळ जोत्यांवरून वाचता येतो.

तो वाचताना मतभेद झाले आहेत, हेही नमूद केले पाहिजे. ही दुकाने नसून कचेऱ्या किंवा राहण्याच्या जागा असाव्यात, असाही एक पक्ष आहे. राजधानीच्या गडावर अशा जागांची निकड होतीच, त्यामुळे तो पक्ष सहज टाकून देण्याजोगा नाही. परंतु समोरासमोर दोन सरळ रांगा, मधला रुंद रस्ता आणि सर्व गाळ्यांचे एकसारखे माप ही घडण कचेरीपेक्षा पेठेला अधिक शोभते. शिवाय पुढची ओसरी आणि मागच्या खोल्या ह्या योजनेत विक्री, साठा व वस्ती ह्या तिन्हींची सोय एका जोत्यावर होते. लोकपरंपरेने तर ती केव्हाच पेठ ठरविली आहे. घोडेस्वारांना घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून ही जोती उंच केली, असे गडावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. कथा देखणी आहे, आणि ती टिकून राहण्याचे कारणही तेच. पण घोड्यावरून खरेदी करता येणे हा जोत्याच्या उंचीचा परिणाम असू शकेल. तिचे कारण नव्हे. रायगडाचा पावसाळा ज्याने अनुभवला आहे त्याला कारण शोधण्यासाठी घोड्यापर्यंत जावे लागत नाही. वाऱ्याने आडवा झालेला पाऊस, चार महिने न वाळणारी जमीन, आणि माथ्यावरचे पाणी उताराकडे ओढून नेणारा रस्ता, एवढे पुरेसे आहे. येथेही त्र्यंबकचीच रीत आहे. फरक एवढाच की तेथे ती शे-दीडशे घरमालकांनी आपापली पाळली, येथे ती एका स्थपतीने सूत लावून पाळली.

ह्याच्या नेमकी उलट रीत पाहावयाची असेल तर रोमकडे वळावे लागते. तेथे क्विरिनल टेकडीचा उतार कापून, सम्राट ट्राजनच्या काळी, दुसऱ्या शतकाच्या आरंभी, विटांची एक बहुमजली वास्तू उभी राहिली. ती 'ट्राजनचा बाजार' म्हणून ओळखली जाते. दीडशेहून अधिक दालने, निरनिराळ्या पातळ्यांवरून प्रवेश, आणि मधल्या पातळीवरून जाणारा एक फरसबंद रस्ता. वास्तूच टेकडीला धरून ठेवते. तिच्याविषयीही रायगडासारखाच वाद आहे : ही दुकाने की सरकारी कचेऱ्या? जवळच ११३ साली उभारलेल्या स्तंभावरील लेखात, किती उंचीची टेकडी ह्या कामासाठी दूर केली ते ह्या स्तंभाच्या उंचीवरून कळावे, अशा आशयाचे शब्द आहेत. डोंगर किती कापला ह्याचे स्मारक उभारण्याची कल्पना हिरोजी इंदुलकरांना सुचली नसती.

आजच्या मोठ्या व्यापारी संकुलाची घडण रोमच्या कुळातली आहे. एका छपराखाली शंभर-दोनशे गाळे आणायचे तर एक विस्तीर्ण सपाट तळ लागतो, आणि उतारावर तो दोनच मार्गांनी मिळतो : वरच्या अंगाला कापणे व खालच्या अंगाला भरणे. कुशल स्थपती ह्या अडचणीचे सोन्यातही रूपांतर करतो. वरच्या रस्त्यावरून एका मजल्यावर, खालच्या रस्त्यावरून दुसऱ्या मजल्यावर प्रवेश दिला की दोन्ही मजले तळमजले ठरतात, दोहोंना तळमजल्याचे भाडे मिळते, आणि डोंगरात गेलेल्या अंधाऱ्या अंगाला वाहने व कोठारे ठेवता येतात. विटा व काँक्रीट ह्यांनी हे साध्य होते. परंतु कापलेल्या डोंगराचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न मागे राहतो. कातळावरचा मुरूम व माती पाणी पितात. मागची भिंत ते अडविते. भिंतीच्या मागे निचरा ठेवला नाही तर पाण्याचा भार भिंतीवर येतो. जोत्याच्या रीतीत हा भार फार मोठा होतच नाही, कारण कोठेही दोन-चार फुटांहून अधिक डोंगर अडविलेलाच नसतो. ब्रह्मगिरीच्या परिसरात २०२१ साली डोंगर फोडण्याविरुद्ध गावकऱ्यांनी जी तक्रार केली तिच्यामागे हीच काळजी होती. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्याला सात वर्षे झाली होती. सह्याद्रीत राहणारा मनुष्य असे आकडे विसरत नाही.

त्र्यंबकेश्वरात मात्र तूर्त धोका आहे तो डोंगर कापण्यापेक्षा रस्ता भरण्याचा. प्रत्येक नव्या थराने रस्ता थोडा वर येतो. जोते तेथेच राहते, म्हणजे खरे पाहता बुडते. तीन पायऱ्यांच्या दोन होतात, दोनाची एक, आणि एके वर्षी ओटा व रस्ता एका पातळीवर येतात. मग अंगण मोठे झाल्यासारखे वाटते, वाहन दाराशी येते, सर्वजण संतुष्ट असतात, तोवर पावसाळा येतो. गोदावरीची कोवळी धार गावाच्या काही भागात सिमेंटखाली गेली आहे, आणि अलीकडच्या वर्षांत मोठ्या पावसात मुख्य रस्त्यावरून वाहणारे पाणी दुकानांत शिरल्याचे प्रसंग घडले आहेत. त्यांचे खापर बहुधा पावसावर फुटते. पाऊस ह्या गावाला नवा नाही. पायऱ्यांची उणीव नवी आहे.

पुढचा सिंहस्थ जवळ आला आहे; त्याची मुख्य स्नाने २०२७ साली व्हावयाची आहेत. सिंहस्थ म्हटला की रस्ते रुंद करणे, त्यांवर नवे थर घालणे व पुढे आलेले ओटे हटविणे ही कामे येतातच, आणि लक्षावधी लोकांच्या सुरक्षिततेसाठी त्यांतली काही अपरिहार्यही असतात. ओटा हा अतिक्रमण की रचनेचा भाग, हे कागदावरच्या सीमारेषेने ठरविले जाईल. तो पुढे का आला, किती उंच आहे आणि त्याच्या तोंडाला घासून कोणते पाणी कोठे जाते, हे त्या रेषेत मावत नाही. त्र्यंबकेश्वराचे देवालय संरक्षित स्मारक आहे. रायगड २०२५ साली मराठा लष्करी वास्तूंच्या समूहातून जागतिक वारशाच्या यादीत आला, आणि त्याच्याबरोबर त्याची बाजारपेठही. गावच्या बाजारातील जोत्यांना असे कोणतेही छत्र नाही, व ते मिळण्याचा संभवही नाही. दुकान चालते आहे तोवर ते स्मारक होत नाही.

म्हणून काम हाती घ्यावयाचे ते मोजणीचे, आणि तेही येत्या पावसाळ्यापूर्वी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाला कुशावर्तापासून देवालयापर्यंतचा व तेथून निवृत्तिनाथांच्या समाधीकडे जाणारा रस्ता काही दिवसांत पुरा करता येईल. प्रत्येक जोत्याच्या चढाच्या व उताराच्या अशा दोन्ही कोपऱ्यांची रस्त्यापासून उंची, दिसणाऱ्या पायऱ्यांची संख्या, आणि घरातील वृद्धांच्या आठवणीप्रमाणे रस्त्याखाली गेलेल्या पायऱ्यांची संख्या, ह्या नोंदी कराव्यात. त्यांच्यापुढे आणखी एक रकाना असावा : त्या उंचवट्याला, पहिल्या पायरीला, आणि पायरी व गटार यांच्यामधल्या त्या हातभर पट्टीला घरातली माणसे काय म्हणतात. शेवटच्या ह्या पट्टीला मोल्सवर्थच्या कोशात नाव शोधूनही मला सापडले नाही. गवंडी व पाथरवट ह्यांच्याकडे ते असावे. त्यांना प्रथम विचारावे.